गळती नेमकी कुठून?

मंगळवारी सकाळी दूध आणायला खाली उतरले आणि पार्किंगमध्ये पाय थबकले. आमच्या गाडीखाली, पुढच्या दोन चाकांच्या मध्ये, फरशीवर जुन्या रुपयाएवढा एक चकचकीत डाग पडला होता. वाकून बोट लावलं. पाणी नव्हतं. बोटाला मधासारखं पिवळसर, बुळबुळीत काहीतरी लागलं. नाकाशी नेलं आणि पोटात गोळाच आला. इंजिन ऑइल! दोनच दिवसांपूर्वी, रविवारी, मी आणि अण्णांनी मिळून ओतलेलं कोरं ऑइल.

मी इकडंतिकडं पाहिलं. कुणी नव्हतं. कोपऱ्यात पडलेला एक पुठ्ठ्याचा खोका फाडला, गाडीखाली सरकवला आणि दुधाच्या पिशव्या घेऊन मुकाट्यानं वर आले. अण्णा गॅलरीत पेपर वाचत बसले होते.

‘‘गाडी पाहिलीस का गं? कोरडी आहे ना?’’

‘‘हो अण्णा, अगदी कोरडी,’’ मी म्हणाले.

एवढंच खोटं. पण पुढचे चार दिवस ते मला पुरलं!

आमची गाडी म्हणजे मारुती ८००. १४ डिसेंबर १९८३ रोजी त्या वेळच्या पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते या गाडीच्या किल्ल्या पहिल्या ग्राहकाला मिळाल्या आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. या तीस वर्षांत किती मध्यमवर्गीय घरांची ती पहिली गाडी झाली असेल! आमचीही तीच. अण्णा २००७ साली एसटीच्या दापोडी कार्यशाळेतून निवृत्त झाले आणि फंडाच्या पैशातून त्यांनी ही पांढरी गाडी घेतली. सदतीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या माणसाची ही पहिली स्वतःची गाडी. एसटीची पहिली बस पुण्याहून नगरला धावली ती १ जून १९४८ ला, आणि अण्णांचा जन्म १९४९ चा. ‘‘एसटी माझ्यापेक्षा एका वर्षानं मोठी,’’ असं ते थोरल्या बहिणीबद्दल बोलावं तसं सांगतात.

तर या गाडीला इतक्या वर्षांत बाहेरच्या गॅरेजचा हात फारसा लागलेला नाही. २०२२ साली तिला पंधरा वर्षं पूर्ण झाली. तपासणी करून नोंदणी आणखी पाच वर्षांनी वाढवून घ्यायची होती, तेव्हा अण्णांनी आठ दिवस खपून तिची सगळी तयारी केली आणि पहिल्या फेरीत ती पास झाली. त्या दिवशी त्यांनी घरी पेढे आणले होते.

पण त्यानंतरच्या वर्षी अण्णांचा उजवा हात थरथरू लागला. आधी चहाची बशी वाजायची. मग सदऱ्याची बटणं लावायला वेळ लागू लागला. डॉक्टरांनी कंपवात असल्याचं सांगितलं, गोळ्या सुरू झाल्या. गाडी चालवणं त्यांनी आपणहून सोडलं. किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाले, ‘‘आता तू चालव. मी बाजूला बसतो.’’ आई गेल्यापासून ते आमच्याकडेच असतात. बेंगळुरूहून भाऊ दर रविवारी फोन करतो आणि दर रविवारी एकच सल्ला देतो : ‘‘गाडी विकून टाका. अण्णांना आता ते झेपायचं नाही.’’ अण्णा ऐकून न ऐकल्यासारखं करतात.

मला मात्र माहीत होतं, की गाडी गेली तर अण्णांच्या आयुष्यातून नुसती गाडी जाणार नाही. सकाळी खाली जाऊन बॉनेट उघडणं, पट्टी काढून ऑइल बघणं, फडक्यानं बॅटरी पुसणं, सोसायटीतल्या मुलांना ‘हे काय, ते काय’ सांगणं, हे सगळंच जाईल. मग उरेल ती गॅलरी आणि पेपर.

अशात गाडीत बसलं की जळकट वास येऊ लागला. अण्णांनी बॉनेट उघडून क्षणात सांगितलं, ‘‘टॅपेट कव्हरचं पॅकिंग गेलंय. तेल पाझरून तापलेल्या लोखंडावर पडतंय.’’ इंजिनाच्या डोक्यावर एक पत्र्याचं झाकण असतं, त्याला गॅरेजच्या भाषेत टॅपेट कव्हर म्हणतात. झाकण आणि इंजिन यांच्यामध्ये रबराची एक कड असते. उन्हातान्हात, वर्षानुवर्षं तापून ती लाकडासारखी कडक होते आणि मग तिच्या बाजूनं तेल पाझरतं. काम तसं किरकोळ.

‘‘घरीच करू,’’ अण्णा म्हणाले. ‘‘पॅकिंग बदलायचंय, इंजिन उतरवायचं नाही. तू हात चालव, मी सांगतो.’’

रविवारी आम्ही पाच कामं केली. जुनं ऑइल काढलं. ऑइलचा फिल्टर बदलला. हवेच्या फिल्टरचा डबा बाजूला काढून टॅपेट कव्हर उघडलं आणि नवं पॅकिंग बसवलं. डबा आणि त्याचे पाइप परत जोडले. शेवटी नवं ऑइल ओतलं. यातली जवळजवळ सगळी कामं माझ्या हातची. फक्त टॅपेट कव्हरचे बोल्ट आवळायची वेळ आली, तेव्हा अण्णांनी पाना मागून घेतला. ‘‘हे हाताला कळावं लागतं. जास्त आवळलं तर पत्रा वाकतो, कमी आवळलं तर तेल येतं.’’ पाना बोल्टवर बसेपर्यंत त्यांचा हात चांगलाच थरथरत होता. मी दुसरीकडं बघत राहिले.

म्हणूनच मंगळवारी तो डाग पाहिल्यावर माझ्या मनात पहिला विचार आला तो त्या बोल्टांचा. पाच कामांपैकी चार माझी होती. तरी शंका आली ती अण्णांच्या एका कामाची!

दुपारी ऑफिसातून भावाला फोन केला. तो म्हणाला, ‘‘मी सांगत होतो ना! त्यांना दुखवू नकोस, पण गाडी गॅरेजला दाखवून घे. आणि आता खरंच विकायचं बघा.’’ नवऱ्याचं म्हणणं वेगळं होतं. ‘‘अण्णांना सरळ सांग की,’’ तो म्हणाला. पण मला ते जमेना. ज्या माणसानं मला सायकलची चेन चढवायला शिकवली, त्याला ‘तुमचे बोल्ट सैल राहिले’ असं कोणत्या तोंडानं सांगायचं?

बुधवारी ‘ऑफिसात उशीर होईल’ असं सांगून मी गाडी एका गॅरेजवर नेली. तिथल्या पोरानं बॉनेट उघडलं, टॅपेट कव्हरच्या कडेला ओलं दिसलं आणि दुसरं काहीही न बघता तो म्हणाला, ‘‘मॅडम, पॅकिंग बरोबर बसलं नाही.’’ माझ्या मनातलंच त्यानं बोलून दाखवलं, मग मी कशाला आणखी विचारतेय? त्यानं कव्हर उघडलं, पॅकिंगच्या दोन्ही बाजूंना ट्यूबमधला तांबडा लगदा भरपूर फासला आणि अंगातली सगळी ताकद लावून बोल्ट आवळले. जाता जाता ऑइलची पट्टी आत ढकलत म्हणाला, ‘‘ही पट्टी नीट खाली दाबत जा. वर आली होती.’’ मी अकराशे रुपये दिले आणि सुटल्यासारखं वाटून घरी आले.

गुरुवारी सकाळी पुठ्ठ्यावरचा डाग पुरीएवढा झाला होता.

त्याच संध्याकाळी मी लेकीला क्लासहून घेऊन औंधच्या बाजूनं घरी येत होते. सिग्नलला थांबले आणि वास आला. या वेळी नुसता वास नव्हता. बॉनेटच्या फटीतून निळसर धूर निघत होता. मागच्या सीटवरून लेक म्हणाली, ‘‘आई, गाडीला काय झालं?’’ माझे हातपाय गार पडले. कशीबशी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं, लेकीला बाहेर काढून फुटपाथवर लांब उभं केलं. शेजारच्या रिक्षावाल्यानं मला बॉनेट लगेच उघडू दिलं नाही. ‘‘ताई, आधी थंड होऊ द्या. आत जाळ असला तर हवा लागून भडकंल,’’ तो म्हणाला. देव त्याचं भलं करो. जाळ नव्हता. ऑइल सायलेन्सरच्या तापलेल्या पाइपावर ठिबकून जळत होतं. थोड्या वेळानं बॉनेट उघडलं तेव्हा ऑइलची पट्टी पुन्हा बोटभर वर आलेली दिसली. मी ती यंत्रासारखी आत ढकलली आणि नवऱ्याला फोन लावला.

गाडी क्रेननं ओढून घरी आणावी लागली. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. सोसायटीच्या फाटकापाशी अण्णा उभेच होते. त्यांनी आधी नातीला जवळ घेतलं, तिला काही लागलं नाही ना बघितलं. मग माझ्या हातातली बॅटरी घेऊन बॉनेटखाली वाकले. टॅपेट कव्हरच्या कडेनं बाहेर आलेला तांबडा लगदा उजेडात चकाकत होता. अण्णांनी त्यावर नख फिरवलं. मी वाट बघत होते, की ते आता रागावतील. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

‘‘उद्याचा दिवस राहू दे,’’ ते म्हणाले. ‘‘परवा सुट्टी आहे ना तुला? सकाळी सात वाजता. इंजिन पूर्ण थंड पाहिजे.’’

शनिवारी सातला आम्ही खाली उतरलो. अण्णांनी प्लॅस्टिकची खुर्ची, जुने पेपर, दाताचे जुने ब्रश, फडकी, वाटीत रॉकेल आणि नातीच्या पावडरचा डबा आणायला सांगितला होता. पावडर कशाला, ते मला कळेना.

‘‘आज पाना लावायचा नाही,’’ अण्णांनी सुरुवातीलाच बजावलं. ‘‘आज फक्त बघायचं. गळती शोधताना माणूस पहिली चूक कुठली करतो ठाऊक आहे? जिथं ओलं दिसतं तिथंच दोष आहे असं धरून चालतो. तेल वरून येतं, कडेकडेनं उतरतं, गाडी पळत असताना वारं त्याला मागं ढकलतं, आणि सगळ्यांत खालच्या टोकाला ते ठिबकतं. डाग जिथं पडतो तिथून वर चढत जायचं. सगळ्यांत उंचावर, सगळ्यांत पुढं जिथं ओलं असेल, तिथं खरी जागा.’’

आणि माणूस दुसरी चूक काय करतो? तर जे काम आपल्याला आधीच संशयास्पद वाटत असतं, तेच तेवढं बघतो. हे अण्णा म्हणाले नाहीत. हे मीच मनात म्हणाले.

आधी ठिबकतंय ते काय, याची खात्री. अण्णांनी पुठ्ठ्यावरचा थेंब पेपरच्या कोऱ्या कडेवर टेकवून दाखवला. एसीचं पाणी असतं तर वाळून गेलं असतं. रेडिएटरचं पाणी रंगीत असतं आणि त्याला गोडसर वास येतो. गिअरचं ऑइल जाड आणि उग्र वासाचं. हा थेंब कागदावर हळूहळू पसरला आणि त्याभोवती तेलकट कडं उमटलं. इंजिन ऑइलच.

मग ब्रश आणि रॉकेल घेऊन मी इंजिनाचा तो सगळा भाग घासून काढला. बॅटरीची तार आधीच सोडवून ठेवली होती. इंजिन थंडगार होतं, कारण तापलेल्या इंजिनाजवळ रॉकेल न्यायचं म्हणजे आपल्या हातानं आग लावायची. घासून झाल्यावर फडक्यांनी पुसलं आणि पूर्ण वाळेपर्यंत तासभर थांबलो. खालून बघायचं तेव्हा अण्णांनी गाडी आधी लोखंडी स्टँडवर नीट टेकवायला लावली. ‘‘नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली मान घालायची नाही. जॅक सरकायला वेळ लागत नाही,’’ हे त्यांचं कार्यशाळेतलं जुनं वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले आहे.

‘‘आता तुझी कामं एकेक तपासू,’’ अण्णा म्हणाले. तुझी! मी मान खाली घातली.

पहिलं काम म्हणजे चेंबरचा नट, ज्यातून जुनं ऑइल काढतात तो. त्याखालची चकती एकदा दबली की पुन्हा तितकी घट्ट बसत नाही, म्हणून दर वेळी नवी घालावी. मी नवी घातली होती. नट कोरडा होता. दुसरं काम फिल्टरचं. जुना फिल्टर काढताना त्याची रबरी कडी कधी कधी इंजिनालाच चिकटून राहते. ते लक्षात आलं नाही, तर नव्या फिल्टरची कडी तिच्यावर बसते आणि दोन कड्यांच्या मधून तेल फुटतं. घरी ऑइल बदलणाऱ्यांची ही हमखास होणारी चूक. जुना फिल्टर अजून पिशवीत होता, अण्णांनी तो काढून दाखवला. कडी त्याच्यावरच होती. तेही काम बरोबर.

आता पावडरचा उपयोग कळला. स्वच्छ, कोरड्या झालेल्या इंजिनावर कव्हरच्या खालून, फिल्टरभोवती, सांध्यांवर अण्णांनी पावडर फुंकरून बसवली. पट्टे आणि पंखा सोडून. ‘‘नवं ऑइल काचेसारखं असतं, डोळ्याला दिसत नाही. पावडरीवर मात्र थेंबाची रेघ लगेच उठते.’’ खाली पेपर अंथरला, बॅटरी जोडली आणि मी गाडी सुरू केली.

पाच मिनिटं. दहा मिनिटं. पावडर पांढरीशुभ्र. मी खिडकीतून डोकं बाहेर काढून म्हणाले, ‘‘अण्णा, गळतच नाहीये!’’

‘‘उभी आहे तोवर नाही गळणार कदाचित. जरा रेस कर. धरून ठेव.’’

इंजिनाचा आवाज चढला. अण्णा खुर्चीत पुढं वाकून बघत होते. मिनिटभरानं त्यांनी डावा हात वर केला. ‘‘बंद कर. ये इकडं.’’

टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून पावडरीवर एक बारीक ओली रेघ उतरली होती. माझं मन चरकलं. म्हणजे पॅकिंगच ना? बोल्टच ना? पण अण्णांचं लक्ष तिकडं नव्हतंच. ते ऑइलच्या पट्टीकडं बघत होते. सुरू करायच्या आधी मी स्वतः ती तळापर्यंत दाबली होती. आता ती अर्धं बोट वर आली होती.

‘‘ही कुणी उचलली?’’ अण्णांनी विचारलं.

तेव्हा मला गॅरेजमधला पोरगा आठवला आणि गुरुवारची संध्याकाळ आठवली. दोन वेळा ती पट्टी मला सांगत होती आणि दोन्ही वेळा मी तिला गप्प करून आत ढकललं होतं.

अण्णांनी पुन्हा गाडी सुरू करायला लावली, ऑइल ओतायचं झाकण उघडलं आणि त्या तोंडावर पेपरचा एक कपटा ठेवला. धडधडणाऱ्या इंजिनावर कपटा थोडाफार हलतोच. पण हा नुसता हलला नाही, फर्रकन उडून बाजूला पडला. अण्णांच्या चेहऱ्यावर कितीतरी महिन्यांनी मी ते हसू पाहिलं.

‘‘इंजिनाचा श्वास कोंडलाय,’’ ते म्हणाले.

नंतर त्यांनी मला समजावून सांगितलं. आमच्या गाडीचं इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं. सिलिंडरमध्ये पेट्रोल जळतं तेव्हा त्यातला थोडा वायू पिस्टनच्या रिंगांच्या बाजूनं खाली चेंबरमध्ये निसटतो. नव्या इंजिनात कमी, जुन्यात जास्त, पण निसटतोच. तो बाहेर पडावा म्हणून टॅपेट कव्हरवरून एक रबरी पाइप हवेच्या फिल्टरकडं गेलेला असतो. त्याला ब्रीदर म्हणतात. तिथून तो वायू पुन्हा इंजिनात ओढला जाऊन जळतो. हा रस्ता बंद झाला की आत दाब साठतो. आणि दाबाला वाट तर हवीच. तो पट्टी वर उचलतो, सील ढकलतो, आणि जो सांधा सगळ्यांत कमजोर असेल तिथून तेल बाहेर काढतो. इंजिन संथ चालतं तेव्हा दाब कमी, म्हणून गळत नाही. रस्त्यावर वेग घेतला की गळतं. नवं पॅकिंग घाला, नाहीतर शेरभर लगदा फासा, एक जागा बुजवली की तेल दुसरी शोधणार!

‘‘मग ब्रीदर कशानं बंद झाला?’’ मी विचारलं, आणि विचारता विचारताच मला उत्तर कळलं.

हवेच्या फिल्टरचा डबा मी काढला होता, मीच बसवला होता. इंजिन बंद केलं, डबा उचलला. त्याखाली ब्रीदरचा पाइप मधोमध दुमडून, चपटा होऊन अडकला होता. इतक्या वर्षांत मऊ पडलेला रबर, एकदा दुमडल्यावर तसाच बसला होता. रविवारी डबा लवकर बसेना म्हणून मी तो वरून दाबला होता, हे मला आता लख्ख आठवलं.

मी तिथंच फरशीवर बसले. ‘‘अण्णा, मला वाटलं होतं...’’

‘‘ठाऊक आहे मला काय वाटलं होतं ते.’’

ते खूप वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘मंगळवारी दुपारी मी खाली आलो होतो. पुठ्ठा पाहिला. पुठ्ठ्यावरचं तेलही पाहिलं. रात्री तू झोपल्यावर बॅटरी घेऊन पुन्हा आलो आणि सगळे बोल्ट एकेक करून बघितले. बरोबर होते. पण खरं सांगू? माझ्या हाताचा मलाच भरवसा वाटेना. वाटलं, आवळलेला बोल्ट सैल लागत नाहीये की माझ्या बोटांनाच आता कळत नाहीये? तुला विचारलं असतं, तर तू म्हणाली असतीस, विकून टाकू. म्हणून मीही गप्प बसलो. आणि त्या गप्प बसण्यापायी पोरगी धुराच्या गाडीत बसली.’’

‘‘तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मी सांगितलं नाही,’’ मी म्हणाले.

‘‘गाडी गळतेय याचं वाईट वाटलं नसतं गं. गाड्या गळतातच. सदतीस वर्षं तेच बघितलं. मला न विचारता दुसऱ्याकडं नेलीस, ते लागलं.’’

मला काही सुचेना. क्षमा मागितली. अण्णांनी डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि लगेच म्हणाले, ‘‘चल, तो लगदा काढू आधी. आत पडला असेल तर ऑइलच्या जाळीत जाऊन बसेल, मग खरंच इंजिन जाईल.’’

दुपारपर्यंत काम चाललं. नवा ब्रीदर पाइप दीडशे रुपयांच्या आत मिळाला. नवं पॅकिंग आणलं. कव्हर आणि इंजिनाच्या कडा आम्ही फडक्यानं कोरड्या केल्या, लगद्याचा एकेक कण वेचून काढला. या वेळी अण्णांनी पाना मागितला नाही. मी तो त्यांच्यापुढं धरला.

‘‘नको, तूच आवळ,’’ ते म्हणाले. ‘‘मधल्यापासून सुरुवात कर. मग समोरचा, मग पलीकडचा. एकाच वेळी एक पूर्ण आवळायचा नाही, सगळे थोडे थोडे, दोन-तीन फेऱ्यांत. हाताला जड लागलं की थांब.’’ मी आवळत गेले. त्यांनी डोळे मिटून घेतले होते आणि पान्याचा आवाज ऐकत होते. ‘‘अजून किंचित... पुरे.’’ प्रत्येक बोल्टला त्यांनी ‘पुरे’ म्हटलं तिथं मी थांबले. नंतर त्यांनी पाना हातात घेऊन एकेक बोल्ट तपासला. थरथर होतीच. पण पाना बोल्टवर टेकला, की बोटांना जे कळायचं ते अजून कळत होतं. एक बोल्ट त्यांनी पाव फेरा सैल केला. ‘‘हा जास्त झाला होता,’’ म्हणाले.

वाचकहो, तुमच्याही घरी कुणी हौसेनं गाडीचं काम करत असेल, तर अण्णांच्या दोन सूचना सांगते. ऑइलचा तांबडा दिवा लागेपर्यंत थांबू नका. तो दिवा ऑइल किती उरलं ते सांगत नाही, ऑइलचा दाब पडला हे सांगतो, आणि तोवर फार उशीर झालेला असू शकतो. पट्टी काढून बघणं हाच खरा उपाय. आणि काढलेलं जुनं ऑइल गटारात किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतू नका. २०१६ च्या नियमांनुसार ते घातक कचऱ्यात मोडतं. आमचं ऑइल अण्णा कॅनमध्ये साठवून रीतसर गोळा करणाऱ्यांकडं देतात. फरशीवरच्या डागावर लाकडाचा भुसा टाकून रात्रभर ठेवला, सकाळी झाडून साबणानं घासलं, तेव्हा कुठं सोसायटीच्या सचिवांचा चेहरा निवळला.

त्या रविवारी भावाचा नेहमीसारखा फोन आला. ‘‘गाडीचं काय ठरलं?’’ त्यानं विचारलं. मी त्याला सगळं सांगितलं, चूक कुणाची होती तेही. तो जरा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, ‘‘अण्णांना दे फोन.’’ मग अर्धा तास त्या दोघांचं त्याच्या गाडीच्या क्लचबद्दल काहीतरी चाललं होतं. गाडी विकायचा विषय निघाला नाही.

अण्णांचा हात बरा झालेला नाही. गोळ्यांनी थोडा उतार पडतो, पण आजार आहे तो आहे. उद्या कदाचित पट्टी काढणंही त्यांना जमणार नाही, हे त्यांना ठाऊक आहे आणि मलाही. फरक एवढाच, की आता आम्ही ते एकमेकांपासून लपवत नाही. परवा चहाचा कप हातातून निसटला, तेव्हा ते सरळ म्हणाले, ‘‘आज हात फार ऐकत नाहीये, तू ओत.’’ आधी हे त्यांनी कधी म्हटलं नसतं.

दर शनिवारी रात्री आम्ही गाडीखाली पेपरचा एक ताव पसरून ठेवतो. रविवारी सकाळी लेक धावत खाली जाते, तो काढून उलटसुलट करून बघते आणि जिन्याखालूनच ओरडते, ‘‘आजोबा, कोरडा आहे!’’

‘‘नीट बघितलास ना? खरं सांगतेस ना?’’ अण्णा गॅलरीतून विचारतात. आणि हे विचारताना बघतात मात्र माझ्याकडं!